चोवीस होलांचा नकाशा: जुळे सोलापुरातल्या एका घरातले सिलिंग लाइट

घर स्वतःचं. तळमजला भाड्याने दिलेला आणि वरच्या मजल्यावर कुटुंब राहायला येणार. आधीचं बिऱ्हाड पूर्व भागात होतं, चादर-टॉवेलच्या कारखान्यांच्या शेजारी. आजोबांचा उभा जन्म यंत्रमागावर गेला. मुलगा नोकरीला. सूनबाई घरूनच शाळेच्या गणवेशांचं कटिंग करून देतात. सोलापुरात गणवेशाच्या धंद्याचा पसारा मोठा आहे आणि त्यातलं पुष्कळ काम असं घराघरांत वाटलेलं असतं. नव्या घरात एक अख्खी खोली त्यांच्या कटिंग टेबलासाठी ठेवली होती.

दिव्यांचं ठरवायला मला बोलावलं तेव्हा फॉल्स सिलिंगच्या चॅनेलचा सांगाडा अजून चढायचा होता. पीओपीवाल्याने मात्र मोबाइलवर नकाशा तयार ठेवला होता. त्यात चोवीस गोल: हॉलमध्ये दहा, कटिंगच्या खोलीत सहा, बेडरूममध्ये चार, स्वयंपाकघरात तीन आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये एक. सगळे एकाच मापाचे. बारा वॉट, पांढराशुभ्र उजेड, सहा इंची होल. प्रत्येक खोलीत चौकोनाला धरून, भिंतीपासून फूटभर आत. नकाशा दिसायला देखणा होता, नाही असं नाही. पण त्यात पंखा नव्हता, दिवाण नव्हता, ओटा नव्हता, कटिंगचं टेबल नव्हतं. छताला खालून बघून काढलेली ती रांगोळी होती, आणि छताकडे बघत घरात कोणी राहत नाही.

घरच्यांच्या मागण्या तीन. मुलाला हॉल "हॉटेलसारखा" हवा होता. वहिनींना, म्हणजे सूनबाईंना, उजेड भरपूर हवा होता, कारण जुन्या घरात रात्री नेव्ही ब्लू आणि काळ्या कापडाचे गठ्ठे एकमेकांत मिसळायचे आणि सकाळी उन्हात चूक कळायची. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना दिवा डोळ्यात खुपायचा. ते एवढंच म्हणाले, "ओ, उजेड हातावर पडला पायजे की. डोळ्यात पडून काय करायचाय?" मागाच्या शेडमध्ये ट्यूब नेमकी विणलेल्या कापडावर टांगलेली असते, पत्र्याच्या कोपऱ्यांत अंधार असला तरी चालतो. मला त्या घरात दिव्यांविषयी ऐकायला मिळालेलं सगळ्यात नेमकं बोलणं हेच.

सुरुवात हॉलपासून केली. हॉल सोळा बाय बारा फूट, म्हणजे १९२ चौरस फूट, जवळपास १७.८ चौरस मीटर. स्लॅब दहा फुटांवर. सिलिंग सहा इंच खाली येणार, म्हणजे उंची साडेनऊ फूट. चांगल्या बनावटीचा एलईडी दिवा वॉटमागे साधारण १०० लुमेन देतो (लुमेन हे उजेड मोजायचं एकक). दहा दिवे, प्रत्येकी बारा वॉट, म्हणजे १२,००० लुमेन. यातला काही उजेड भिंती आणि छत खातात, काही दिव्यावर धूळ बसल्याने कमी होतो. साठ टक्के खाली पोचतो असं धरलं तरी चौरस मीटरला ४०० लुमेनच्या वर, म्हणजे ४०० लक्स. हा ऑफिसातल्या टेबलावरचा उजेड झाला. बसण्या-उठण्याच्या खोलीला १०० ते १५० लक्स पुरतात. वाचायचं असेल तर खुर्चीजवळ वेगळा दिवा घ्यावा.

त्यावर मुलाची शंका रास्त होती: जास्त असला तर बिघडलं काय, कमी बटणं लावू. पण दहा दिवे एकाच बटणावर काढले होते. शिवाय उजेड जास्त होणं ही यातली लहान अडचण आहे. मोठी अडचण पंख्याची.

सोलापुरात पंख्याशिवाय हॉल नाही, आणि पंखा छताच्या मधोमध. अठ्ठेचाळीस इंची पंख्याची पाती मध्यापासून दोन फूट जातात. सिलिंगपासून पाती फूटभर खाली असतात. आता पंख्याच्या मध्यापासून तीन फुटांवर साधा पॅनल लाइट बसवला तर काय होतं ते पाहू. पॅनलचा उजेड १२० अंशांत पसरतो. फूटभर खाली येईपर्यंत तो आडवा पावणेदोन फूट पसरलेला असतो, म्हणजे त्याची कड पंख्याच्या मध्यापासून सव्वा फुटावर येते. पाती दोन फुटांपर्यंत फिरतात. तेव्हा पातं दर फेरीला उजेड कापतं आणि भिंतीवर, टीव्हीवर, ताटावर सावल्या धडधडत राहतात. तोच दिवा ६० अंशांचा असेल तर फूटभर खाली तो सात इंचच पसरतो. कड पंख्याच्या मध्यापासून दोन फूट पाच इंचांवर राहते. पात्याला शिवत नाही. जागा तीच, वॉट तेच, फक्त पसरण्याचा कोन बदलला. दुकानात हा आकडा कोणी आपणहून सांगत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही, आणि मग पंखा लावला की डोकं दुखतं म्हणून लोक पंख्याला बोल लावतात.

म्हणून हॉलमध्ये सहा दिवे घेतले, तीनाच्या दोन रांगा. लांबीत दिव्यांमधलं अंतर पाच फूट चार इंच, रुंदीत सहा फूट, भिंतीपासून अंतर त्याच्या निम्मं. प्रत्येकी आठ वॉट, ६० अंश, खोलगट बसणारे. साठ अंशांचा दिवा साडेनऊ फुटांवरून जमिनीवर सुमारे अकरा फुटांचं वर्तुळ टाकतो आणि टीपॉयच्या उंचीला नऊ फुटांच्या आसपासचं. दिवे पाच-सहा फुटांवर असल्याने वर्तुळं एकमेकांवर चढतात, मध्ये अंधाराचे पट्टे राहत नाहीत. हिशेब पुन्हा केला: ४,८०० लुमेन, साठ टक्के, १७.८ चौरस मीटर, म्हणजे १६० लक्सच्या आसपास. झालं.

भिंतीपासून फूटभर अंतराचा नकाशातला नियम मी मुळात मोडायला लावला, त्याला आणखी एक कारण आहे. भिंतीला चिकटून वरून उजेड पडला की पुट्टीची प्रत्येक लाट, पुट्टीच्या पट्टीचा प्रत्येक फटकारा उठून दिसतो. रंगाऱ्याने दिवसा उत्तम ठरवलेली भिंत रात्री खाचखळग्यांची दिसते. दगडी फरशीची किंवा मुद्दाम खडबडीत केलेली भिंत असेल तर असा उजेड शोभतो. साध्या इमल्शनच्या भिंतीला अडीच-तीन फूट अंतर बरं.

आता आजोबा. त्यांचा दिवाण खिडकीखाली, आणि जेवणानंतर तिथे आडवं व्हायची त्यांची सवय. माझ्या सहापैकी एक दिवा बरोबर त्यांच्या उशीवर येत होता. अशा वेळी कागदावर बसून राहण्यात अर्थ नसतो. वायरमनने एका बांबूला दिवा बांधून वर धरला आणि आजोबांना दिवाणावर झोपायला सांगितलं. आधी साधा पॅनल धरला. त्यांनी लगेच हात कपाळावर घेतला. मग खोलगट दिवा, ज्यात चकती दोन इंच आत असते आणि भोवतीची वाटी काळी असते. "हां, हा दिसत नाय," ते म्हणाले. दिवा दिसत नाही आणि उजेड दिसतो, एवढंच त्यात हवं असतं. तरीही अगदी डोक्यावरचा दिवा कितीही खोल असला तरी झोपलेल्या माणसाला दिसतोच. तेव्हा दिवाण पायाकडे सरकवला आणि उशी दोन दिव्यांच्या मध्ये आणली. सामान हलवून प्रश्न सुटत असेल तर होल हलवू नये.

मोतीबिंदू काढल्यानंतर पांढरा उजेड अधिक निळसर आणि बोचरा वाटणं हे त्यांचं लाडिक दुखणं नव्हे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा भाग अडवतं. ऑपरेशनमध्ये ते भिंग जातं, त्या जागी स्वच्छ भिंग येतं आणि अडवलेला निळा पुन्हा आत येऊ लागतो. त्यामुळे हॉलला ६५०० केल्विन बाद केलं. केल्विन हा उजेडाच्या छटेचा आकडा: कमी असला की पिवळा, वाढला की निळसर पांढरा. मुलाला ३००० हवं होतं, वहिनींना ते "बल्बाच्या काळातलं" वाटत होतं. ४००० वर दोघांचं जमलं.

इथे थ्री-इन-वन दिव्याचा मोह झाला होता, म्हणजे बटण बंद-चालू केलं की रंग बदलणारा. एकच दिवा असेल तर हरकत नाही. सहा एकत्र असले की वीज क्षणभर डचमळली तरी एखादा दिवा रांगेबाहेर जातो आणि हॉलमध्ये दोन पिवळे, तीन पांढरे, एक मधलाच असा देखावा होतो. मग घरचा माणूस बटणाशी खटखट करत उभा. रंग बदलायची हौसच असेल तर दिव्याच्या अंगावर किंवा ड्रायव्हरवर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीवर) सरकता खटका असलेला घ्यावा, एकदा ठरवून वर बसवून टाकावा.

कटिंगच्या खोलीत मात्र मी सिलिंग लाइट बसवूच दिले नाहीत. वहिनींना हे पटायला वेळ लागला, कारण नव्या घराच्या नव्या खोलीत पुन्हा ट्यूब टांगायची म्हणजे काय. त्यांना टेबलापाशी उभं केलं आणि नकाशातल्या सहा दिव्यांच्या जागा दाखवल्या. त्यातले चार त्यांच्या पाठीमागे येत होते. कात्री चालवताना माणूस पुढे झुकतो, डोकं आणि खांदे उजेड अडवतात आणि खडूची रेघ बरोबर सावलीत जाते. लहान गोल दिव्याची सावली धारदार पडते. चार फुटी ट्यूबची सावली पुसट असते, कारण डोक्याने ट्यूबचा एक भाग अडवला तरी उरलेल्या भागातून उजेड येतच राहतो.

दुसरं, अंतर. छतावरचा दिवा टेबलापासून साडेसहा फूट लांब. ट्यूब साखळीने खाली घेऊन टेबलापासून साडेतीन-चार फुटांवर आणली तर टेबलावरचा उजेड दुपटीच्या वर जातो, वीज तेवढीच लागते. वीस वॉटच्या दोन एलईडी ट्यूब टेबलाच्या लांबीला समांतर, एक पुढच्या कडेवर, एक मागच्या. आजोबांनी उंची स्वतः ठरवली. माग चालवलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

खरा पेच रंगाचा होता. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळसर लेप. निळ्याचा काही भाग लेपातून गेल्यावर पिवळा होतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. या निळ्या एलईडीसाठीच २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. स्वस्त लेपात लाल भाग कमी पडतो. मग मरून कापड तपकिरीकडे झुकतं. आणि पिवळ्या उजेडाच्या दिव्यात निळा भागच तोकडा, त्यामुळे नेव्ही ब्लू काळा दिसतो. वहिनींच्या जुन्या खोलीत पिवळा दिवा होता. गठ्ठे मिसळण्याचं कारण तेच. त्या इतकी वर्षं आपल्या डोळ्यांना दोष देत होत्या.

खोक्यावर सीआरआय लिहिलेलं असतं. १०० म्हणजे उन्हासारखे अस्सल रंग. बाजारात सर्रास ८० चा माल मिळतो, आणि बसण्या-जेवण्याच्या खोल्यांना तो पुरतो. कापडाच्या कामाला ९० च्या वर हवा. त्यातही एक खुबी आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल त्यात नसतोच, त्याचा आकडा आर-नाइन म्हणून वेगळा असतो आणि खोक्यावर क्वचित छापतात. म्हणजे ८० वाला दिवा मरूनला हमखास न्याय देईल असं नाही. आम्ही सरळ वहिनींचे चार तुकडे दुकानात नेले: नेव्ही, काळा, मरून, बाटली हिरवा. दुकानदाराने आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच रमला. काउंटरवर तीन ट्यूब पेटवून खाली तुकडे ठेवले. एका ट्यूबखाली नेव्ही आणि काळा ओळखू येईनात. दुसरीखाली नेव्ही ओळखू आला पण मरून मळकट. तिसरीखाली चारही आपापल्या रंगात. ती ९० च्या वरची, ५००० केल्विनची. इतर दोन्हींपेक्षा महाग होती, पण एक चुकलेला गठ्ठा त्याहून महाग पडतो, हे वहिनींनीच सांगितलं.

स्वयंपाकघर लवकर आटपलं. नकाशातले तीन दिवे खोलीच्या मधोमध होते, म्हणजे ओट्यापाशी उभं राहिलं की सावली कढईत. ते पुढे सरकवून ओट्याच्या कडेच्या रेषेत घेतले, भिंतीपासून दोन फुटांच्या जरा पुढे, वरच्या कपाटांच्या तोंडापासून सुटे. तोंड काचेने बंद असलेले घेतले. फोडणीचा तेलकट धूर उघड्या वाटीत बसला की वर्षभरात तिचा चकचकीतपणा जातो आणि पुसायला हात पोचत नाही. आजी मागच्या दाराशी सूप घेऊन ज्वारी निवडायला बसतात. तिथे दिवसाचा उजेड आहे, रात्री त्या निवडत नाहीत, तेव्हा तिथे दिवा वाढवला नाही.

बेडरूममध्ये चाराचे तीन झाले. दोन कपाटासमोर, त्याच्या दारापासून दोन-अडीच फूट पुढे, म्हणजे कपाट उघडून उभ्या माणसाची सावली आत पडत नाही. एक दाराशी. पलंगावर एकही नाही. तीनही ३००० केल्विन, आणि पलंगाशेजारून बंद होतील असा टू-वे स्विच. देवघराला वेगळा सिलिंग लाइट मागितला होता, तो मी देऊ नका म्हटलं. समईपुढे कसलाही पांढरा झोत आला की समई विझल्यासारखी दिसते.

पॅसेजचा एक तसाच ठेवला. बाथरूममध्ये छताला होल नको म्हणून भिंतीवर पाणी सोसणारा, आयपी ४४ चा दिवा लावला.

आता सिलिंगच्या वरची गोष्ट. सोलापुरात सिलिंग लाइट घेताना ती आधी पाहायला हवी. नकाशात ती नव्हती आणि माझ्या पाहण्यात ती नकाशात कधीच नसते.

हे घर वरच्या मजल्याचं, स्लॅबवर थेट ऊन. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जाऊन बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. शहराचा अक्षांश साडेसतराच्या थोडा वर, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. म्हणजे ऐन कडक महिन्यात गच्ची उन्हाला पूर्ण सपाट समोर असते. काँक्रीट ही उष्णता लगेच खाली सोडत नाही. पाच इंची स्लॅबमधून ती झिरपायला काही तास घेते. दुपारचं ऊन रात्री सात ते अकरा खोलीत उतरतं, आणि घरातले दिवे नेमके तेव्हाच लागलेले असतात.

एलईडी खालून गार वाटतो म्हणून लोक समजतात की तो तापतच नाही. त्याची उष्णता मागे जाते, ॲल्युमिनियमच्या पंखांतून वरच्या पोकळीत. त्या पोकळीतली हवा आधीच स्लॅबने तापवलेली, कोंडलेली, वारा नाही. चकती बरीच सोसते. आधी मरतो तो ड्रायव्हर, आणि त्यातही कपॅसिटर. त्या कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असतात ते किती तापमानाला, ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. "चांगल्या कंपनीचा घेतला तरी दोन उन्हाळ्यांत गेला" ही तक्रार सोलापुरात वरच्या मजल्यावरून जास्त येते आणि तळमजल्यावरून कमी. कंपनी दोन्हीकडे तीच असते.

यावर आम्ही जे केलं त्यातलं सगळ्यात उपयोगी काम दिव्यांचं नव्हतंच. गच्ची धुऊन तिच्यावर पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला. चुन्याचे दोन हातही चालतात, फक्त दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावे लागतात. मग पोकळी. सहा इंचांतून बोर्डाचा अर्धा इंच गेला, उरले साडेपाच. दिव्याची उंची साडेतीन इंचांच्या आत ठेवली, वर किमान दोन इंच हवा राहावी म्हणून. ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर न ठेवता फूटभर बाजूला, बोर्डावर सरळ पसरलेला. पीओपीवाल्याला उष्णतेसाठी वर थर्माकोल भरायचं होतं. ते साफ नाकारलं. दिव्याभोवती थर्माकोल म्हणजे एकीकडे दिव्याची हवा बंद आणि दुसरीकडे पेट घेणारा माल वायरींच्या सोबतीला.

आठ वॉटचे सहा घेतले त्यात हाही हिशेब होता. नकाशातल्या हॉलमध्ये १२० वॉट छताच्या पोटात जळणार होते, आता त्यांच्या निम्म्याहून कमी. वीजबिलात त्याने फार फरक पडत नाही, पोकळीत पडतो.

खरेदीला जाताना मुलाच्या हातात मी लिहून दिलेला कागद होता, त्यात ब्रँडचं नाव नव्हतं. दुकानदाराला विचारायच्या गोष्टी होत्या: लुमेन किती, कोन किती, किती तापमानापर्यंत चालतो, होल किती मापाचं, ड्रायव्हर वेगळा निघतो का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ड्रायव्हर सुटा असेल आणि होलातून बाहेर निघत असेल तर उद्या तेवढाच बदलता येतो. अंगातच बसवलेला असेल तर दिवाच फेकायचा, आणि तोपर्यंत ते मॉडेल बंद झालेलं असतं, नव्याचं होल वेगळं. एलईडी ड्रायव्हरला आणि छतात बसवायच्या एलईडी दिव्याला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा अंगावर आयएस क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधायचा. खोक्यावर असून अंगावर नसेल तर परत ठेवायचा. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने पेटलेला दिवा बघायचा. पडद्यावर तो लुकलुकत असेल तर ड्रायव्हर कच्चा. घरी इन्व्हर्टर आहे, म्हणून एक दिवा आधी घरी नेऊन इन्व्हर्टरवर लावून बघितला, गुणगुण करतो का ते ऐकायला. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की दिव्यांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. ड्रायव्हरला चार केव्ही (किलोव्होल्ट) सर्जचं, म्हणजे विजेच्या अचानक उसळीचं, संरक्षण असलेला माल घेतला आणि मुख्य बोर्डात सर्ज अडवणारं एक यंत्र बसवलं.

भांडण झालं ते होलांवरून. पीओपीवाला बोर्ड चढवता चढवता होल पाडून मोकळा व्हायला बघत होता. "पाडून टाकतो की ओ, लाइट काय, कुठलाबी बसतो." बसत नाही. त्याच्याकडे सहा इंची कटर होता आणि आमचा दिवा चार इंचांच्या आतला. दिव्याची कड होलापेक्षा जेमतेम अर्धा सेंटीमीटर बाहेर येते, त्याहून मोठं होल झालं तर झाकायला काही उरत नाही. पॅसेजचं एक होल त्याने पाडलंच होतं. तिथे जिप्समची चकती बसवून, जाळी लावून, पुट्टी भरून बुजवलं. ती जागा कडेने उजेड पडला की अजूनही ओळखू येते. दिवे हातात आल्याशिवाय होल नाही, आणि चॅनेल चढायच्या आधी दिव्यांच्या जागा स्लॅबवर खडूने. चॅनेल दर दीड फुटाला येतो. जागा आधी ठरल्या नसतील तर एखादा दिवा बरोबर चॅनेलवर येतो आणि मग चॅनेल कापला जातो किंवा दिवा चार इंच सरकतो. रांगेतला एक दिवा चार इंच सरकला की जन्मभर दिसतो.

वायरिंगचं थोडक्यात: दीड एमएमची वायर, पोकळीत पाइपातून, मोकळी लोंबती नाही. प्रत्येक दिव्यापाशी हातभर वायर जादा, म्हणजे दिवा खाली ओढून काम करता येतं. हॉलचे सहा तीन बटणांवर दोन-दोन. नुसता टीव्ही बघायचा तर टीव्हीकडचे दोन बंद ठेवायचे.

काम झाल्यावर एक उणीव लगेच जाणवली. साठ अंशांचे खोल दिवे खाली चांगला उजेड देतात, पण भिंतीचा वरचा तीन फुटांचा पट्टा आणि छत काळवंडलेलं राहतं. मुलाच्या "हॉटेलसारखं" या कल्पनेत ते बसत होतं. वहिनींना खोली ठेंगणी वाटली, आणि त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटतं. पॅनल लाइटचा हा एक गुण खरा की तो भिंती उजळतो. फोटोंच्या भिंतीवर पाच वॉटचा एक अरुंद झोताचा दिवा होताच, पण त्याने चौकटीपुरताच उजेड येतो. शेवटी टीव्हीसमोरच्या भिंतीवर उंच एक साधी चार फुटी ट्यूब लावली. पाहुणे आले, सत्यनारायण असला, झाडलोट काढली की ती पेटते, आणि छताला लागून असल्याने खोली एकदम मोठी होते. चोवीस सिलिंग लाइटचे चौदा झाले. त्यातले सात हॉलमध्ये. मुलाला कोपऱ्यांतून एलईडी पट्टी अजून हवी आहे. तिच्यासाठी पाइप आणि वायर आत सोडून ठेवली आहे, पट्टी दिवाळीला बघू म्हणाला.

बोर्ड बंद व्हायच्या आधी प्रत्येक खोलीच्या सांगाड्याचे फोटो काढून घेतले, मोजपट्टी दिसेल असे. हॉलच्या मॉडेलचे दोन दिवे आणि एक ड्रायव्हर त्याच लॉटमधले जादा घेतले, कारण पुढच्या लॉटच्या पांढऱ्याची छटा किंचित वेगळी निघते. ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत. खोक्यावर वायरमनने मार्करने होलाचं माप आणि खरेदीचा महिना लिहिला आहे. वॉरंटीचं बिल त्याच खोक्यात.